शंभरपैकी शंभर

एकतीस वर्षं मी गिटार शिकवतोय. बुप्योंगच्या बाजारात तळलेल्या कोंबडीचं एक दुकान आहे, त्याच्या वर माझा क्लास. एके काळी चाळीस पोरं होती, आता सात उरलीत. बाकीची गेली फोनकडे. फोन ओरडत नाही, नखं काप म्हणत नाही, आणि दर दोन मिनिटांनी शाब्बास म्हणतो. त्यातली निम्मी वर्षभराने तोंड पाडून परत येतात आणि फोनने लावलेल्या खोडी काढण्यात माझे दोन महिने जातात. हे आधीच सांगून ठेवतो. पुढे मी जे केलं ते अजाणतेपणी केलं, असं कुणी म्हणायला नको.

बान सॉकचे हा माझ्या बहिणीचा, ओकनानताईचा नवरा. म्हणजे होता. ताईच्या पोटातली गाठ काढायची होती, त्या सकाळी हा माणूस हॉस्पिटलच्या दारातून "एक सिगारेट ओढून येतो" म्हणून जो गेला, तो सात वर्षांनी उगवला. ऑपरेशनच्या कागदावर सही मी केली. अकरा वर्षांची त्यांची लेक हासोल बाकावर बसून दाराकडे बघत होती. तिचा हात धरून तिला खाली नेऊन नूडल्स मी खाऊ घातले. तिने दोन घास खाल्ले आणि विचारलं, "मामा, बाबा वर आले असतील का?" एकोणीस वर्षं झाली त्याला, पण माझ्या डोक्यातून ते जात नाही.

तीच हासोल मार्चमध्ये क्लासवर आली. लग्न ठरलं होतं, मे महिन्यात. आईबापांच्या खुर्चीवर सॉकचे बसणार नाही, ही ताईची अट. ती खुर्ची माझी, हेही ठरलेलं.

"पण मामा, बाबांना मी एक गाणं वाजवायला सांगितलंय," हासोल म्हणाली. "वर्षभर शिकताहेत ते, फोनवर. नवरदेवाचे दोन मित्र आहेत, एक गाणार, एक कीबोर्ड वाजवणार. बाबा गिटारवर. शेवटपर्यंत वाजवलं तर घरच्यांच्या फोटोत त्यांना माझ्या शेजारी उभं करीन."

"आणि नाही वाजवलं तर?"

"तर नाही. त्यांनी एक तरी गोष्ट शेवटाला नेलेली मला बघायचीय."

"ताईला विचारलंस?"

"आई हो म्हणाली. म्हणाली, सांग की, तो काय नेतोय शेवटाला." हासोल हसली, मग गंभीर झाली. "मामा, तुम्ही एकदा ऐका. वाईट वाजवत असतील तर मला स्पष्ट सांगा. मी गाणं रद्द करते. चारचौघांत त्यांचं हसं नाही करायचं मला. फोटोचं मग दुसरं काहीतरी बघू."

म्हणजे सगळं माझ्या एका शब्दावर येऊन ठेपलं होतं, आणि तो शब्द ती माझ्याकडे विश्वासाने मागत होती.

लग्नाला तीन आठवडे उरले असताना एका रविवारी दुपारी सॉकचे मोकपो बंदराहून आला. तिकडे तो मासेमारीच्या बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. केस पांढरे, हातांच्या भेगांत काळं तेल, गळ्यात लग्नासाठी घेतलेली नवीकोरी गिटार. खाली मान घालून दारात उभा राहिला.

"मास्तर, येऊ का?" लग्न झाल्यापासून तो मला मास्तरच म्हणायचा. तेव्हा मी कुणाचा मास्तर नव्हतो, नुसता टवाळ पोरगा होतो.

"या की भाऊजी. वाट चुकलात वाटतं."

त्याने बोलणं पोटात घातलं. फोन स्टँडवर ठेवला, बोटं पुसली आणि सुरू केलं. पडद्यावर गिटारच्या सहा तारा दिसत होत्या. जिथे बोट ठेवायचं तिथे निळा ठिपका, मागे गाण्याचा ठेका. सूर बरोबर लागला की ठिपका हिरवा होतो आणि गाणं पुढे सरकतं.

आणि लागला नाही तर गाणं थांबतं. असं एक बटण त्या ॲपमध्ये असतं, नवशिक्यांसाठी. तुमचं बोट जागेवर पोचेपर्यंत ढोल, गाणारा, सगळे जिथल्या तिथे उभे. परत येणाऱ्या पोरांचं हे बटण मी पहिल्या दिवशी बंद करायला लावतो. पहिले आठ दिवस ती रडतात, पण नंतर ताल धरतात.

सॉकचेने वर्षभर ते बटण बंद केलं नव्हतं. चौथ्या ओळीत पहिलं बोट सहाही तारांवर आडवं दाबायचं होतं. गाणं थांबलं. सॉकचेने बोट आडवं केलं, दाबलं, मनगट वळवलं, श्वास घेतला, वाजवलं. गाणं पुन्हा निघालं. मी घड्याळाकडे बघत होतो. चार सेकंद. असं गाण्यात अकरा वेळा झालं. त्याला ते थांबणं ऐकूही येत नव्हतं. घरात रोज गळणाऱ्या नळाचा आवाज जसा ऐकू येईनासा होतो, तसं. त्याच्या लेखी गाणं एकसंध होतं.

शेवटी पडद्यावर चांदण्या उडाल्या. शंभरपैकी शंभर.

"रोज शंभर पडतात," तो म्हणाला. "पण फोनला काय कळतंय. तुमचा कान आहे, मास्तर. खरं सांगा. जमत नसेल तर मी हासोलला नाही म्हणून सांगतो. तिची मान खाली जायला नको."

तीन आठवडे होते. बटण बंद करून, त्या आडव्या बोटाची सोपी पर्यायी पकड दाखवून, रोज अर्धा तास टाळीवर बसवलं असतं, तर बरं वाजवलं असतं त्याने. हात वाईट नव्हता. मेहनत तर काय, बोटांच्या टोकांना घट्टे पडले होते. हे सगळं मला त्याच मिनिटाला दिसलं.

"भाऊजी," मी म्हटलं, "यात मी काय सुधारणार? एकही सूर चुकला नाही."

"खरंच?"

"आता यात काही बदलू नका. जसं करताय तसंच रोज करा."

त्याचे डोळे भरून आले. माझा हात दोन्ही हातांत धरून तो कितीतरी वेळ हलवत राहिला. तो गेल्यावर मी हासोलला फोन लावून सांगितलं, तयार आहेत तुझे बाबा. ती फोनवर रडली. लग्नाच्या आदल्या आठवड्यात कीबोर्डवाल्या पोराचा फोन आला, काका मोकपोहून एक दिवस आधी आले तर एकत्र बसून बघू म्हणून. म्हटलं, गरज नाही, मी ऐकलंय. गुरुजींनीच ऐकलंय म्हटल्यावर पोरगं गप्प बसलं.

हॉल ताशी लग्नं लावणारा. आमची वेळ साडेबाराची. दीडची नवरी खालच्या खोलीत नटून तयार. मी हासोलला हाताला धरून चालवत नेलं आणि ताईशेजारच्या खुर्चीत बसलो. मग निवेदकाने सांगितलं, आता नवरीचे वडील गिटार वाजवतील. लोक कौतुकाने सरसावून बसले. सॉकचे नव्या सुटात आला, स्टुलावर बसला आणि लेकीकडे बघून जरासा हसला.

तीन ओळी छान गेल्या. हासोलने ओठ घट्ट मिटून घेतले होते. चौथ्या ओळीला सॉकचेने खाली बघितलं, बोट आडवं केलं, दाबलं, मनगट वळवलं, श्वास घेतला आणि वाजवलं. तोवर गाणारा पाचव्या ओळीत पोचला होता.

सॉकचेने दचकून वर बघितलं. पुढचा सूर शोधला, तोही मागे पडला. मग त्याने हात तारांवर ठेवला आणि थांबला. कीबोर्डवाल्याकडे बघत अगदी शांत थांबला, आता हे लोक थांबतील या भरवशावर. पोरांनी दोन ओळी कशाबशा रेटल्या. मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. नवरदेवाच्या मित्रांनी धीर द्यायला टाळ्यांचा ठेका धरला, त्यात तो आणखीच हरवला. शेवटी कीबोर्डवाल्याने आवाज वाढवून वेळ मारून नेली. सॉकचे गाणं संपेपर्यंत तारांवर हात ठेवून तसाच बसून होता. पुन्हा वाजवू द्यायला वेळ नव्हता. दारात हॉलची बाई घड्याळावर बोट आपटत उभी होती.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू. ताईने माझ्या कानाशी म्हटलं, "सांगितलं नव्हतं?" आणि मी मान डोलावली.

फोटोवाल्याने घरच्यांना वर बोलावलं, तेव्हा हासोल वर न जाता गाऊन सावरत बाहेर निघाली. मी तिच्यामागे गेलो. बाहेर शुभेच्छा म्हणून आलेल्या फुलांच्या उंच चक्रांपाशी सॉकचे गिटार पिशवीत घालत होता. चेन लागत नव्हती.

"मामा," हासोल त्याच्याकडे बघत मला म्हणाली, "तुमच्यासमोर यांनी पूर्ण वाजवलं होतं?"

"शेवटपर्यंत."

"न चुकता?"

"एकही सूर चुकला नव्हता." यातला शब्द न् शब्द खरा होता.

"मास्तर बरोबर सांगताहेत," सॉकचे म्हणाला. "रोज जमायचं गं. आज काय झालं कळलंच नाही. गाणं पुढे निघून गेलं."

"म्हणजे येत होतं," हासोल म्हणाली. "येत नसतं तर मी काही म्हटलं नसतं, बाबा. येत होतं आणि ऐन वेळी सोडून दिलंत. हॉस्पिटलात सोडलंत तसं."

"तसं नाही, हासोल."

"मग कसं?"

कसं ते त्याला ठाऊकच नव्हतं. तिथे उभ्या असलेल्या तिघांत ते एकट्या मला ठाऊक होतं. बटण म्हणून एक शब्द बोललो असतो तरी पुरलं असतं. मी खाली वाकून तिच्या गाऊनचं मागचं टोक उचललं.

"चल बाळ, सगळे खोळंबलेत."

"आता पुन्हा येऊ नका, बाबा," ती म्हणाली, आणि चालायला लागली. आवाज चढवला नाही तिने. आत जाऊन आईशेजारी उभी राहिली.

मी वळलो तर सॉकचे माझ्याकडेच बघत होता.

"मास्तर, तुमचे उपकार," तो म्हणाला. "तेव्हासारखंच सोडलं म्हणते ती, ते खरंच असेल. पण मला येत होतं, हे तुम्ही तरी तिला सांगितलंत. एवढ्यावर दिवस काढीन मी."

आणि गिटार पाठीला लावून तो कमरेतून पूर्ण वाकला. बराच वेळ तसाच राहिला. मीही वाकलो, रीतीप्रमाणे, आणि फोटोसाठी आत गेलो.