मागचं फाटक

शहराच्या ऐन मध्यावर, चहूबाजूंनी गाड्यांचा गदारोळ चालू असताना मधोमध आपली सावली राखून बसलेली ती चौकातली जुनी बाग पाहायला लोक कुठून कुठून येतात. आणि तिच्यापासून दोन गल्ल्यांवर राहणाऱ्या शिवणकाकूंनी मात्र वर्षानुवर्षं तिच्यात पाऊल टाकलं नव्हतं. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते असं. शिवणकाकू हे इमारतीने ठेवलेलं नाव. कुणाच्या पँटची उंची कमी करायची असो, कुणाच्या कोटाला नवं अस्तर लावायचं असो, लोक त्यांच्याकडे येत, आणि काकू ओठांत टाचण्या धरून, मशीनवरची मान वर न करता सगळ्यांना सारखंच "हं" म्हणत. काम मात्र असं, की जोड कुठे दिला ते शोधून दाखवावं.

त्यांचे यजमान चष्मेवाले. उभा जन्म त्यांनी दुसऱ्यांचे डोळे तपासले, आणि दुकान मुलाच्या हाती सोपवल्यावर खिडकीपाशी खुर्ची ओढून घरी बसले. पहिले काही दिवस ते काहीबाही बोलत असत. दुकानातल्या गमती, रस्त्यावर दिसणारी माणसं. मग तेही थांबलं आणि मिठाची गुळणी धरल्यासारखे ते गप्प बसू लागले. काकूंचा जीव कासावीस झाला. शेवटी एके दिवशी टाचण्या काढून त्यांनी फर्मान सोडलं, "अहो, त्या बागेत तरी जाऊन बसा. चार माणसं दिसतील." चष्मेवाले निमूट गेले, आणि मग रोजच जाऊ लागले.

फरक पडला. परतताना जिन्यात त्यांची शीळ ऐकू येई, आणि उंबरठा ओलांडला की थांबे. जित्याची खोड, दुसरं काय, असं म्हणून काकू पुन्हा कामाला लागत. बाहेर तरी माणूस खुश आहे ना, मग झालं.

एके दुपारी शेजारीण पडदे शिवायला घेऊन आली आणि दारातूनच हसत म्हणाली, "काकू, काल तुम्हा दोघांना बागेत पाहिलं हो! काय ते हसणं, काय तो हातात हात! माझीच दृष्ट लागायची."

"हं," काकू म्हणाल्या. ओठांत टाचण्या होत्या, दुसरं काही म्हणता आलं नसतं. आणि काल संध्याकाळभर त्या याच मशीनवर एका कोटाच्या बाह्या उसवत बसल्या होत्या.

मनात पाल चुकचुकली ती तेव्हा. साठी बुद्धी नाठी म्हणतात, पण या माणसाची? ज्याने लग्नानंतरही पहिले कित्येक महिने बायकोकडे सरळ पाहिलं नव्हतं, त्याची? काकूंना आधी हसू आलं, मग राग आला, आणि मग एवढं वाईट वाटलं की हातातली सुई कुठे टोचली ते त्यांना कळलंही नाही. शेजारीण त्यांना चांगली ओळखत होती. म्हणजे ती बाई दिसायलाही त्यांच्यासारखीच असणार.

जेवताना त्यांनी शक्य तितक्या सहज विचारलं, "बागेत कुणी भेटतं वाटतं?"

चष्मेवाल्यांचा घास हातातच राहिला. त्यांच्या डोळ्यांत चोरी नव्हती. असती तर काकूंना बरंच वाटलं असतं. परक्या माणसाने घरातली खासगी गोष्ट विचारावी, तसे ते त्यांच्याकडे पाहत राहिले, आणि ताट बाजूला सारून उठले.

दुसऱ्या दिवशी ते बाहेर पडल्यावर काकूंनी काम तसंच टाकलं, शाल अंगावर घेतली आणि दार ओढून घेतलं. किल्ली आतच राहिली हे त्यांना जिन्यात आठवलं, पण आता कोण थांबतंय! आज त्या बाईला रंगेहाथ पकडायचं होतं.

बागेत पाहुण्यांचा एक घोळका उभा होता आणि वाटाड्या त्यांना सांगत होता, की पूर्वी ही बाग चौकाभोवतीच्या बड्या घरांचीच असे. घरची माणसं मोठ्या फाटकाने येत आणि त्यांचे नोकरचाकर मागच्या फाटकाने. घोड्यावर बसलेल्या कुणा शूर पुरुषाचा पुतळा होता, त्याचं नाव आता कबुतरांनाच ठाऊक असावं. त्याच्या पलीकडे, बंद पडलेल्या कारंज्यापाशी, चष्मेवाले एकटेच बाकावर बसले होते. शेजारच्या जागेवर त्यांनी घडी केलेलं वर्तमानपत्र ठेवलं होतं.

काकूंना पाहताच त्यांचा चेहरा उजळला. असा तो उजळू शकतो हे त्या विसरूनच गेल्या होत्या. वर्तमानपत्र उचलून ते म्हणाले, "ये, ये. आज उशीर केलास."

काकू बसल्या. आणि चष्मेवाले बोलायला लागले. दुकान सोडताना रडू आलं होतं, ते मुलासमोर दाबलं, हे सांगितलं. आपण आधी गेलो तर तुझं कसं होईल याची धास्ती वाटते, म्हणाले. मग हळूच त्यांच्या हातावर हात ठेवला. "तू परवा सांगितलंस ना, आई गेली तेव्हा न रडता तिचं कपाट आवरत बसले म्हणून, ते डोक्यातून जात नाही बघ. एवढं मनात ठेवून राहिलीस!"

काकूंनी ते आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं. अंगावर काटा आला, पण हात काढून घ्यावासा वाटेना. इतक्या वर्षांची भूक होती ती, आणि ताट समोर आल्यावर कुणी वाढलं हे विचारायचं धैर्य त्यांना झालं नाही.

"घरी जायला नको वाटतं," चष्मेवाले आवाज खाली आणून म्हणाले. "ती असते तिथे."

"कोण ती?"

"तुला सांगितलंय की. दिसते तुझ्यासारखीच. तुझ्याच जागेवर बसते. मी आधी बोलून पाहिलं गं, खूप बोललो. मान वर करत नाही. ओठांत टाचण्या असतात आणि हं म्हणते." ते ओशाळं हसले. "काल पहिल्यांदा तिने मला काहीतरी विचारलं. इतकी भीती वाटली!"

अहो, मीच ती, असं काकूंच्या अगदी ओठांवर आलं. पण ते म्हटलं असतं तर हा उजळलेला चेहरा पुन्हा खिडकीपाशी जाऊन बसला असता. आजपासून संध्याकाळी मशीनला हात लावायचा नाही, हे घरी आले की त्यांच्यासमोर बसायचं, बोलायचं, ऐकायचं, असं त्यांनी मनाशी घट्ट ठरवलं, आणि त्यांना एकदम हलकं वाटलं.

बाग बंद होण्याची घंटा वाजली. चष्मेवाले उठले. "उद्या ये हं. जा, तुझ्या फाटकाने जा."

त्यांनी मागच्या फाटकाकडे बोट केलं. तो चेहरा मोडायला नको, म्हणून काकू तिकडूनच निघाल्या. ती वाट लांबची होती, गोदामांच्या मागून वळसा घालून जाणारी, आणि त्या आपल्या इमारतीपाशी पोचल्या तोवर दिवे लागले होते. चष्मेवाले केव्हाच वर गेलेले होते. धापा टाकत जिना चढून, शाल सारखी करून, काय बोलायचं ते मनात जुळवत काकूंनी घंटी दाबली.

आत खुर्ची सरकली. पावलं दारापर्यंत आली. दाराच्या भिंगातला उजेड गेला. पलीकडून कुणीतरी डोळा लावला होता. काकू ओळखीचं हसल्या.

"कोण आहे गं?" आतून चष्मेवाल्यांचा थकलेला आवाज आला.

आणि दाराला अगदी लागून, काकूंच्याच आवाजात, उत्तर आलं, "कुणी नाही."