डबा, डुक्कर आणि सिंह

मी सदाशिवरावांचा जेवणाचा डबा बोलतोय. स्टीलचा, तीन कप्प्यांचा. सिंह पाहून आलेला डबा आमच्या गावात दुसरा नाही, म्हणून थोडं बोलतो.

पुसदच्या बाजारात माझी खरेदी झाली. दुकानदार जमीरभाईंनी मशीनने माझ्या पोटावर ‘सौ. विजयमाला’ असं नाव घातलं, तेव्हा फार गुदगुल्या झाल्या. नाव मालकिणीचं, पण माझं आयुष्य गेलं मालकाबरोबर शेतात. दुपारी माझ्यातून भाकर आणि पिठलं जेवायचं आणि तुरीत रानडुक्कर शिरलं की माझंच झाकण चमच्यानं बडवायचं. ठणठणाट ऐकून डुकरं पळत. माझ्या झाकणावर एवढे पोचे आहेत की ते सरळ बसतच नाही.

मालकांची मुलगी निकिता नोकरीला नैरोबीत असते. तिनं आईबाबांना सफारीला बोलावलं. मालक म्हणाले, “जनावरं हाकलू हाकलू हात दुखून राह्यले, अन् आता विमानात बसून जनावरंच पाहाले जाऊ?”

मालकीण पोळी लाटत होत्या. म्हणाल्या, “तुमी हाकलता तवा मी चुलीपाशी असतो. म्या कायले पाह्यलं कोणतं जनावर? मले सिंह पाहाचा हाय.”

मालकीण सहसा काही मागत नाहीत. मालक निघाले. फक्त मला सोबत घेण्याचा हट्ट धरला. विमानातल्या जेवणावर त्यांचा भरवसा नव्हता.

विमानतळावर मला यंत्रातून घातलं. आयुष्यात प्रथमच कुणी माझ्या आतलं न उघडता पाहिलं. तरी तिथल्या पोरीनं झाकण काढायला लावलंच. आत तिळाचे लाडू आणि खारे शंकरपाळे होते. मालकिणींनी लगेच एक लाडू पुढे केला. तिनं घेतला नाही, पण नजर बराच वेळ माझ्यावरच होती.

विमान उडालं तेव्हा मालकांनी मला मांडीवर घट्ट धरलं. हवाईसुंदरीनं मला वरच्या कप्प्यात ठेवा असं तीनदा सांगितलं. शेवटी तिनंच नेऊन ठेवलं.

अभयारण्यात उघड्या टपाच्या जीपमधून फिरायचं होतं. निकितानं बजावलं होतं, आवाज अजिबात करायचा नाही. पहिल्या दिवशी हत्ती दिसले, दुसऱ्या दिवशी जिराफ. सिंह काही दिसेना. मालकिणींनी लाडू खाणंच सोडलं होतं. तिसरी सकाळ शेवटची होती. दुपारी परतीचं विमान.

ड्रायव्हरनं उंच गवताजवळ गाडी थांबवली. सगळे गवताकडे पाहू लागले. मालकांनी मला मांडीवर घेऊन नाश्ता सुरू केला होता. तेवढ्यात समोरून एक डुक्कर आलं. शेपटी सरळ वर, चाल अगदी आमच्याकडच्यासारखी मुजोर.

मालकांच्या हातानं मालकांना विचारलंच नाही. चमचा झाकणावर पडला. ठण ठण ठण! “हाऽऽड्या!”

डुक्कर धूम पळालं. ड्रायव्हरनं डोक्याला हात लावला. निकितानं तोंड झाकून घेतलं. आणि डुकराच्या मागच्या गवतातून, आमच्यापासून दहा पावलांवर, एक भलाथोरला सिंह उभा राहिला. तो बराच वेळ त्या डुकरावर टपून बसला असावा. हातची न्याहारी गेली तेव्हा त्यानं मालकांकडे जे पाहिलं, तसं मालकांकडे आजवर कोणी पाहिलेलं नाही.

मालकीण घाबरल्या नाहीत. डोळे भरून पाहत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, “निकिताचे बाबा, अजून एकडाव वाजवा ना.”

“माहा हातच चालून नाई राह्यला,” मालक म्हणाले.

सिंह गेला. मग ड्रायव्हर बराच वेळ बोलला. निकितानं त्यातलं निम्मंच बाबांना सांगितलं.

परत आल्यावर मालकिणींनी मला घासूनपुसून शोकेसमध्ये ठेवलं होतं. मालकांनी आठवडाभरात बाहेर काढलं. आता मी पुन्हा शेतात आहे आणि सुखात आहे. एकच काळजी आहे. पूर्वी डुक्कर पळालं की मालक जेवायला बसायचे. आता मला बडवून झालं की चमचा हातात धरून तुरीकडे पाहत उभे राहतात, मागून कोण उठतं म्हणून.

यंदा आपल्या शिवारात वाघ फिरतो असं सगळे म्हणतात. तुमच्यापैकी कुणाला मालक भेटले तर एवढं सांगा, मला खुशाल वाजवा, पण वाजवून तिथं थांबू नका. इथं जीप नाही.