ऑरिनचा शनिवार

हरणांच्या शिकारीचा मोसम शनिवारी सुरू होणार होता, आणि ऑरिन हाल्व्हर्सन त्या आधीच्या मंगळवारी, पायात मोजे चढवता चढवता, खाटेच्या कडेला बसल्याबसल्या गेला. टॅमरॅक फॉल्ससारख्या गावात मरायला याहून वाईट आठवडा शोधून सापडला नसता. त्या आठवड्यात तिथे कुणी लग्न करत नाही, कुणी दात काढून घेत नाही, आणि जमण्यासारखं असतं तर बायकांनी बाळंतपणंही पुढे ढकलली असती. शनिवारी उजाडायच्या आत गावातले झाडून सगळे पुरुष शिकाऱ्यांची नारिंगी जाकिटं चढवून रानात गेलेले असतात.

त्याच्या बायकोने, आर्डिसने, चर्चच्या पास्टरना फोन करून सांगितलं, "अंत्यविधी शनिवारी. दहा वाजता."

बुधवारी दुपारी तिच्या स्वयंपाकघरात दोघं येऊन बसले: धाकटा दीर डेलबर्ट आणि मुलगा कर्ट. आधी हवेबद्दल बोलून झालं. मग रस्त्यावरच्या बर्फाबद्दल. आर्डिसने कॉफी ओतली आणि वाट पाहिली, कारण या घराण्यातल्या पुरुषांना मुद्द्यावर यायला एक किटली तरी लागते हे तिला ठाऊक होतं.

"शनिवार काही वाईट नाही, वहिनी," डेलबर्ट शेवटी म्हणाला. "तसा चांगलाच वार आहे."

"बरं."

"पण सोमवारही बरा असतो."

"कुणाला?"

"सगळ्यांनाच गं. आता खड्डा खणणारी पोरंच घे..."

"ती शुक्रवारी खणतायत. मी बोलले त्यांच्याशी."

कर्टने खुर्ची पुढे ओढली. "आई, शवपेटी उचलायला सहा जण लागतात. शनिवारी मी कुठून आणू? सगळे रानात असणार."

"आणि तू?"

"मी येणारच. तसं नाही गं. म्हटलं फक्त, सोमवारी झालं असतं तर..."

"तोवर बापाला कुठे ठेवायचं? गॅरेजात, तुमच्या हरणाशेजारी टांगून?"

कर्ट कपात बघत बसला. डेलबर्टने खाकरून घसा साफ केला. "ऑरिन असता ना वहिनी, तर म्हणाला असता, जाऊ दे."

"म्हणाला असता," आर्डिस म्हणाली. "जन्मभर तेच म्हणाला आणि मी जन्मभर ऐकलं. आता या घरात मला अडवणारं कुणी नाही. केक घ्या अजून."

दोघांनी केक घेतला. न घेण्याची सोय नव्हती.

खरं म्हणजे आर्डिस शनिवारच का धरून बसली, ही गोष्ट गावातल्या प्रत्येकाला अर्धी माहीत होती. ऑरिन कामाला होता त्या कागदगिरणीतलं मोठं मशीन कधी थांबत नाही. ईस्टर असो की नाताळ, त्याच्यापाशी माणूस उभा राहायलाच हवा. मोसमाच्या पहिल्या शनिवारी पहिल्या पाळीला कोण येणार यासाठी पूर्वी चिठ्ठ्या टाकत. ऑरिन आणि आर्डिसचं लग्न झालं त्या वर्षी ती चिठ्ठी डेलबर्टच्या नावावर निघाली. बापाने त्याला नुकतीच बंदूक घेऊन दिली होती. पोरगा रडकुंडीला आला. ऑरिन म्हणाला, "जा तू. मी बघतो." पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाचा तरी पोरगा पहिल्यांदा बापाबरोबर रानात जायचा होता. मी बघतो. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी कुणी. मग चिठ्ठ्या टाकणंच बंद झालं. ऑरिन आहे ना.

त्या पाळीला जास्तीचा पगार मिळायचा, आणि पोराबाळांच्या घरात तो उपयोगी पडायचा, हेही खरं. पण घराचं छप्पर बदलून झालं, पोरं आपापल्या मार्गाला लागली, तरी ऑरिन निवृत्त होईपर्यंत जातच राहिला. माणूस देत गेला की घेणाऱ्याला ते आपल्या हक्काचं वाटू लागतं. भीड भिकेची बहीण म्हणतात, आणि ऑरिनने ती बहीण घरात पाळली होती.

गावाने मग त्याच्या न जाण्याला कारण शोधून काढलं. ऑरिनला बंदुकीची भीती वाटते. लहानपणी म्हणे एका हरणाने त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं आणि हा बंदूक टाकून झाडावर चढला. किस्सा डेलबर्टचा. दर वर्षी ते झाड थोडं उंच व्हायचं. लोक हसायचे, ऑरिनही हसायचा. कर्टला मिसरूड फुटायच्या आधीपासून डेलबर्ट काकाच रानात नेत आला, आणि तोही त्या किश्शाला हसत मोठा झाला. आर्डिसला खुपायचं ते हे. बाकी गाव हसलं तर हसो, पण पोटचा पोर बापाला भित्रा समजतो, हे तिला घास घशाखाली उतरू द्यायचं नाही.

कारण ती एक गोष्ट बघत आली होती. दर नोव्हेंबरला ऑरिन कपाटावरची बंदूक खाली काढायचा. तिला तेल द्यायचा, फडक्याने पुसायचा, खिडकीतून रिकाम्या कपड्यांच्या दोरीवर नेम धरून बघायचा, आणि परत कपाटावर ठेवून द्यायचा. "सांग ना त्यांना," ती म्हणायची. तो म्हणायचा, "जाऊ दे, आर्डिस. सांगितलं तर त्यांना जायला अवघड वाटेल."

गुरुवारी ती चर्चच्या तळघरात गेली. तिथल्या स्वयंपाकघरावर मेव्हिसचं राज्य होतं. गावात कुणीही मेलं की वर विधी चालू असताना खाली मेव्हिस आणि तिच्या बायका हॅम कापत आणि कॉफीचे मोठे डबे तापवत उभ्या असायच्या.

"मेव्हिस, ऑरिनची पेटी उचलशील?"

मेव्हिसने सुरी खाली ठेवली. "मी या चर्चमधले सगळे अंत्यविधी जिन्यातून ऐकलेत. एकदा वर बसायला मिळत असेल तर पेटीच काय, पियानोसुद्धा उचलीन."

"गुडघा?"

"गुडघ्याला कोण विचारतंय." मग ती म्हणाली, "पण आम्ही सगळ्या वर आलो तर कॉफी कोण करणार?"

"ते शनिवारी बघू," आर्डिस म्हणाली. "तू वर ये."

शुक्रवारी संध्याकाळी त्याच तळघरात शिकाऱ्यांचं जेवण होतं. मोसमाच्या आदल्या दिवशी चर्चच्या बायका रांधतात आणि पुरुष तुडुंब जेवून रानातल्या आपापल्या झोपड्यांकडे निघतात, ही जुनी पद्धत. दर वर्षी आर्डिस वाढायला असायची. या वर्षी ती काळा कोट घालून जिना उतरली. माणसं उठून उभी राहिली, टोप्या हातात घेऊन पुढे आली. फार चांगला माणूस. असा कष्टाळू माणूस होणे नाही. घर आणि काम, दुसरं काही ठाऊक नव्हतं त्याला. कधी तक्रार नाही. मेल्या म्हशीला मणभर दूध, आर्डिसच्या मनात आलं, पण ती मान हलवत पुढे गेली.

शेवटच्या टेबलाशी डेलबर्ट तिच्याकडे पाठ करून बसला होता. त्याचे डोळे ओले होते आणि तो तोच किस्सा सांगत होता. दुःख झालं तरी त्याच्याकडे दुसरं काही सांगायला नव्हतं. "...आणि हरीण खाली उभं, आणि आमचे बंधुराज वर, फांदीला मिठी मारून..." टेबल हसलं. कर्टही हसला.

"डेलबर्ट," आर्डिस म्हणाली, "ते झाड कुठलं रे?"

तो वळला. "कुठलं म्हणजे?"

"कुणाच्या रानातलं? पाइनचं की ओकचं? मला एकदा बघायचंय."

"वहिनी, गंमत असते गं ती."

"ज्याची गंमत केलीस तो उद्या पेटीत असेल. म्हणून मी विचारतेय."

आता सगळं तळघर तिच्याकडे बघत होतं. आर्डिसने आयुष्यात चार माणसांपुढे उभं राहून कधी भाषण केलं नव्हतं. तिने जवळचा डाव उचलून टेबलावर आपटला, तशी काही गरज नसताना.

"मोसमाच्या पहिल्या शनिवारची ज्याची ज्याची शिफ्ट माझ्या नवऱ्याने केली, त्यांनी काटे खाली ठेवा."

मग भिंतीजवळच्या एका म्हाताऱ्याने काटा ताटलीत ठेवला. त्याच्या शेजारच्याने ठेवला. मग इकडे एक, तिकडे दोन. ताटल्यांवर काटे टेकल्याचा आवाज टेबलाटेबलावरून होत गेला. कर्टला गिरणीत लागून बरीच वर्षं झाली होती. तो हातातल्या काट्याकडे असा बघत होता की जणू तो कुणी दुसऱ्याने त्याच्या हातात दिलाय. मग त्यानेही ठेवला. डेलबर्टने सगळ्यात शेवटी ठेवला.

"त्याला रान आवडायचं," आर्डिस म्हणाली. "दर वर्षी बंदुकीला तेल द्यायचा आणि परत ठेवायचा. तुम्हाला जायला अवघड वाटू नये म्हणून बोलला नाही कधी. तुम्ही म्हणता तक्रार नव्हती. होती. माझ्याकडे होती." तिचा आवाज चिरकला, पण ती थांबली नाही. "उद्या दहाला आहे. 'या' असं मी म्हणत नाही. त्याने कधी कुणाला म्हटलं नाही, मीही म्हणणार नाही. पेटीला माणसं मिळालीत. खा आता, गार होतंय."

बाहेर येऊन ती गाडीत बसली आणि स्टिअरिंगवर कपाळ टेकून रडली. राग होता, लाज होती, आणि ऑरिनची इतकी आठवण येत होती की छातीत दुखत होतं. पण बोलल्याचा पश्चात्ताप तिने शोधून पाहिला तरी सापडला नाही.

शनिवारी उजाडताना नदीपलीकडून बंदुकांचे बार ऐकू आले, दर वर्षी येतात तसेच. आर्डिसने उठून केस विंचरले.

दहा वाजता चर्चच्या बाकांवर बायकाच बायका होत्या. पुरुष म्हणजे पास्टर, आणि नाकात ऑक्सिजनची नळी घातलेला एक म्हातारा. कर्ट नव्हता. आर्डिस पहिलं स्तोत्र सुरू होईपर्यंत मागे वळून दाराकडे बघत राहिली. मग तिने ठरवलं की आता बघायचं नाही. तिची मुलगी जनेल तिचा हात धरून बसली होती. पास्टर ऑरिनबद्दल बोलले, आणि आदल्या दिवशी आर्डिसकडून तंबी मिळाल्यामुळे 'कधी तक्रार केली नाही' हे वाक्य त्यांनी गाळलं. दुसऱ्या बाकावर मेव्हिस मांडीवर हात ठेवून बसली होती, आणि हातात सुरी नसल्यामुळे त्या हातांचं काय करावं हे तिला कळत नव्हतं.

मग सहा जणी उठल्या. जनेल, मेव्हिस, गिरणीच्या बांधणी खात्यातल्या दोघी, शेजारची लडॉना, आणि पेटीच्या पुढच्या कडीला आर्डिस स्वतः. पास्टर काही बोलायला आले, पण तिचा चेहरा बघून मागे सरले.

"ऑरिन, जेवायचास रे बाबा भरपूर," लडॉना दातांतल्या दातांत म्हणाली. पेटी ओकच्या लाकडाची होती आणि ऑरिन दांडगा गडी. दारापर्यंत पोचेस्तोवर आर्डिसच्या खांद्यातून कळा येऊ लागल्या. मोठं दार बाहेरून कुणीतरी उघडलं.

पायऱ्या नारिंगी झाल्या होत्या. पायऱ्यांवर, फरसबंदीवर, थेट रस्त्यापर्यंत पुरुष उभे होते, जाकिटं अंगात, टोप्या हातात, बुटांना चिखल. गारठ्याने त्यांची नाकं लाल झाली होती. सगळ्यात पुढे कर्ट आणि त्याच्यामागे डेलबर्ट.

"केव्हापासून उभे आहात?" आर्डिसने विचारलं.

"पहिल्या स्तोत्रापासून," डेलबर्ट म्हणाला. "थोडा उशीर झाला गं. गाणं सुरू झालं होतं. मध्येच कसं शिरायचं?"

म्हणजे ती आत दाराकडे बघायचं सोडून देत होती, तेव्हा हे सगळे दारापलीकडे, वाऱ्यात, कुणाला त्रास नको म्हणून गप उभे होते. आर्डिसला हसावं की यांच्या डोक्यात पेटी घालावी, कळेना. ही माणसं बुडत असली तरी हाक मारायला लाजतील.

कर्ट तिच्या जवळ आला. त्याचा चेहरा ओला होता. त्याने कडीला हात घातला. "आई, दे. मी घेतो."

तिला द्यायची होती. खांदा जळत होता, आणि तो तिचा मुलगा होता.

"नको," ती म्हणाली. "आम्ही नेतो त्याला. तू दार धर. वारा आहे."

कर्टने हात मागे घेतला. मग त्याने दाराला पाठ लावली आणि दोन्ही हातांनी ते धरून ठेवलं. पेटी त्याच्यासमोरून जाताना त्याने मान खाली घातली. माणसांनी दोन्ही बाजूंना सरून वाट दिली.

डेलबर्ट बाजूने चालू लागला. "मी काय करू, वहिनी?"

"खाली कॉफी ठेवायची राहिलीय. हॅमही कापायचंय. बायका सगळ्या इथे आहेत."

"आत्ता? आणि दफन?" त्याने दफनभूमीकडे बघितलं, मग पेटीकडे. "माझा भाऊ आहे तो."

"आहेच," आर्डिस म्हणाली. "पण कुणीतरी मागे थांबायलाच हवं ना रे."

डेलबर्ट जागीच उभा राहिला. बायका त्याला ओलांडून पुढे गेल्या, त्यांच्यामागे नारिंगी जाकिटं निघाली, आणि ती सगळी पुढे जाईपर्यंत तो हलला नाही. आर्डिसने मागे वळून पाहिलं नाही. हात मोकळे नव्हते. पण तिला ऐकू आलं.

"जा तुम्ही," तो म्हणाला. आवाज नीट फुटत नव्हता. "मी बघतो."

मग त्याने चिखलाचे बूट पायरीवर काढून ठेवले आणि मोज्यांनिशी तळघराचा जिना उतरला.