दाराबाहेरची घरं

शलाका कसबे मॅडमनी सोमवारी वर्गात सांगितलं की घर दाराबाहेर ठेवून आत यायचं, आणि मंगळवारी सकाळी मुलं आपापली घरं घेऊन आली.

वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात त्यांनी ती भिंतीच्या कडेनं ओळीनं मांडली, देवळाबाहेर चपला काढून ठेवतात तशी. पत्र्याची होती, माळवदाची होती, एक-दोन स्लॅबची, वर पाण्याची काळी टाकी असलेली. प्रत्येक घर कमरेएवढं होतं. आतली माणसं मात्र नेहमीच्याच मापाची होती आणि तरी आत नीट मावत होती. कुणी ज्वारी निवडत होतं, कुणी दाढी करत होतं. एका घरातून लसणाच्या फोडणीचा वास येत होता. शलाका त्यांच्यासमोरून वर्गाकडे निघाली तेव्हा टाचांचा आवाज होऊ नये म्हणून चवड्यांवर चालली. का ते तिलाही सांगता आलं नसतं.

लातूरबाहेरचं ते इंजिनिअरिंग कॉलेज. शेवटच्या वर्षाच्या मुलांना नोकरीच्या जगासाठी तयार करायला ती पुण्याहून आली होती. कसं उभं राहायचं, हात कसा मिळवायचा, समोरच्याच्या डोळ्यांत बघून स्वतःची ओळख कशी करून द्यायची, हे ती शिकवायची. शुक्रवारी कंपनीचे लोक मुलाखतींना येणार होते. काम ती मनापासून करायची. या मुलांना डोकं आहे, फक्त तोंड उघडायची वेळ आली की ती दबतात, हे तिनं पहिल्याच तासाला ओळखलं होतं. ते दबणं कसं असतं, हे तिला दुसऱ्या कुणाकडून शिकावं लागलं नव्हतं.

"घर बाहेर म्हणजे घरची बोली बाहेर, घरची काळजी बाहेर," ती म्हणाली होती. "आत आलात की तुम्ही फक्त प्रोफेशनल."

मंगळवारी मुलं खरंच ताठ बसली. तहसीन पटेल नावाची एक मुलगी होती, तिचा आवाज कधी पुढच्या बाकापलीकडे गेला नव्हता. ती फळ्यापाशी उभी राहिली आणि स्वच्छ म्हणाली, "नमस्कार, मी तहसीन. मला टीमसोबत काम करायला आवडतं."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाहेर काहीतरी करकरलं. शलाकानं दार उघडून पाहिलं. तहसीनचं घर वीतभर आखडलं होतं. आत तिचे वडील शिलाई मशीन भिंतीकडे सरकवत होते.

"काही नाही मॅडम," ते म्हणाले. "जरा सरकून बसलालो. तुमचं चालू द्या."

शलाकानं मान डोलावली आणि दार ओढून घेतलं.

व्यंकट भोसगे तेवढा रिकाम्या हातानं आला होता. उंच, खांदे पाडून उभा राहणारा मुलगा, गणितात पहिला. "घर कुठंय?" तिनं विचारलं.

"आमचं घर येईना मॅडम. माय म्हणली, म्हैस आज-उद्या व्याती. तिला सोडून कुटं येऊ?"

वर्ग खो खो हसला. व्यंकटची मान लाल झाली. ते हसू आपल्यालाच हसल्यासारखं शलाकाच्या कानांत शिरलं, कानाच्या पाळ्या तापल्या, आणि त्यामुळे ती गरजेपेक्षा कडक बोलली.

"मुलाखतीत म्हशीचं सांगणार आहेस का?"

"नाही मॅडम."

"मग उद्या घर घेऊन ये आणि बाहेर ठेव."

बुधवारी तो पाठीवर घर घेऊन आला. गोठ्यासकट होतं. म्हैस रात्रीच व्याली होती आणि रेडकू ओलं होतं. त्यानं घर ओळीच्या शेवटी अलगद टेकवलं, तशी आतून त्याच्या आईनं हातातली पातेली खाली ठेवली. ती पडू नयेत म्हणून आई वाटभर धरून बसली होती.

"मॅडम," तिनं दारातून हात जोडले. "पोरगं गुणाचं हाय बगा. जरा वळण लावा त्याला. आमाला काय येतंय?"

"हात नका जोडू," शलाका म्हणाली. पण बाईनं जोडलेले हात काढले नाहीत आणि शलाकालाच तिथून निघावं लागलं.

त्या दिवशी व्यंकटची आई खोकली की व्यंकट वळून दाराकडे बघायचा. शलाका त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला लावायची. "आवाज कुठून आला हे तुझं काम नाही. माझ्याकडे बघ." दुपार कलताना तो एकदाही न वळता बोलला. आवाज खणखणीत, खांदे सरळ. तिला आनंद झाला. बाहेर मोठा करकराट झाला. तिनं या वेळी दार उघडलं नाही.

सुटल्यावर मात्र तिला त्या घरावरूनच जावं लागलं. व्यंकटच्या आईनं गुडघे छातीशी घेतले होते. म्हशीचं तोंड खिडकीतून बाहेर आलं होतं. ती शांतपणे रवंथ करत होती.

"बोलला का नीट?" आईनं विचारलं.

"छान बोलला."

"मग झालं."

गुरुवारी प्राचार्य बिडवे सर फेरी मारायला आले. तोवर एकही घर आतल्या माणसांना पुरत नव्हतं. कुणाचं कोपर दारातून बाहेर, कुणाची मान पत्र्यातून वर. एका म्हाताऱ्याचे दोन्ही पाय व्हरांड्यात आले होते. शलाका जवळून गेली की तो ते आत ओढायचा प्रयत्न करायचा आणि म्हणायचा, "लागला का पाय? चुकलं हं." कुणीच तक्रार करत नव्हतं. एकानं जरी आवाज चढवला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"मुलांत फरक पडलाय, मॅडम," बिडवे सर म्हणाले. "पण उद्या पाहुण्यांना ही घरं दिसता कामा नयेत."

"दिसणार नाहीत, सर."

तिनं दिवसभर मुलांकडून ओळख घोटून घेतली. एक बसला की दुसरा उठायचा. संध्याकाळपर्यंत घरं जेवणाच्या डब्याएवढी झाली. आतली माणसं एकेक करून बाहेर आली, अंग मोकळं केलं, आपापलं घर उचलून काखेत धरलं आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली. म्हैस आणि रेडकू जिन्याखाली गेले. आता घरं दिसत नव्हती. माणसं दिसत होती.

शुक्रवारी सकाळी ती आली तेव्हाही माणसं तशीच उभी होती. व्हरांडा मात्र कालच्यापेक्षा लांबला होता आणि रांगही त्याच्याबरोबर लांबली होती. कंपनीच्या नंदिता मॅडम बिडवे सरांबरोबर पुढं चालल्या होत्या. करड्या रंगाचा कोट, मंद हसू. शलाका अर्धं पाऊल मागं होती. मुलं वर्गाच्या दारापाशी टाय लावून उभी होती.

"ही कोण मंडळी?" नंदिता मॅडमनी रांगेकडे बघून विचारलं. वैतागून नाही, सहज.

बिडवे सरांनी शलाकाकडे पाहिलं. शलाकानं उत्तर शोधायला रांगेकडे पाहिलं, आणि रांगेच्या शेवटी, व्यंकटच्या आईच्या पलीकडे, तिला तिचे वडील दिसले.

लिंबाजी कसबे लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिओनेट वाजवत. आज ते बँडच्याच कपड्यांत होते. लाल कोट, खांद्यावर सोनेरी गोंडे, खाली घरची पँट आणि रबरी चपला. क्लॅरिओनेट काखेत होतं. उजवी मूठ मिटलेली होती. त्यांनी ती तिला दिसेल इतकीच उघडली. तळहातावर तिचं घर होतं, शेंगदाण्याएवढं. तिनं पुण्यात इतक्या वर्षांत इतक्या लोकांना स्वतःची ओळख करून दिली होती.

"ढमे," ते म्हणाले. लहानपणी ती ढोलासारखी गोल होती म्हणून ते तिला ढमी म्हणत. "आत मावंना झालो, मनून भायेर हुबारलो. तुजं चालू दे."

"हे तुम्हाला ओळखतात?" नंदिता मॅडमनी विचारलं.

मुलं तिच्याकडे बघत होती, कशी उभी राहते, कुठं बघते, शिकल्याप्रमाणे. शलाका नंदिता मॅडमच्या डोळ्यांत बघून, खांदे सरळ ठेवून म्हणाली,

"बँडवाले आहेत. तुमच्या स्वागतासाठी बोलावलेत."

आवाज अजिबात कापला नाही. तिनं वडिलांकडे बघायचं टाळलं, पण ते तिला दिसलेच. त्यांचा चेहरा पडला नाही. त्यांनी घर कोटाच्या खिशात टाकलं, ओठ ओले केले, क्लॅरिओनेट तोंडाला लावलं आणि वाजवायला सुरुवात केली. नवरदेव मांडवाशी येतो तेव्हाची चाल होती. तिची लाज त्यांनी सुरांनी झाकून घेतली.

"वा," नंदिता मॅडम म्हणाल्या. "किती छान. आणि हे?"

तहसीन पुढं झाली. "हे कॉलेजचे टेलर, मॅडम." तिचे वडील लगेच कोपऱ्यात बसले आणि पडद्याची शिवण घालू लागले. मग एकेक मूल पुढं आलं. हे पाणी देणारे. हे माळीकाका. हे गेटवरचे. ज्याला जे म्हटलं ते तो झाला. कुणी ट्रे उचलला, कुणी झारी. घर खिशात किंवा पदराच्या गाठीत गेलं.

शेवटी व्यंकट राहिला. त्याची आई खोकली. तो वळला नाही. त्यानं शलाकाकडे पाहिलं. काय बोलू, असं तो विचारत होता, आणि तिनं नुसती मान हलवली असती तरी त्यानं खरं सांगितलं असतं. शलाकानं खाली फरशीकडे पाहिलं.

"झाडलोटीच्या बाई आहेत," व्यंकट म्हणाला.

त्याच्या आईनं पदर खोचला आणि कोपऱ्यातला झाडू उचलला. झाडत ती शलाकाच्या पायांशी आली. "पाय उचला मॅडम," ती हलकेच म्हणाली. शलाकानं पाय उचलला.

दुपारपर्यंत सगळ्या मुलांची निवड झाली. एकही मागं राहिला नाही. असं कधी होत नाही, असं बिडवे सर पुन्हा पुन्हा म्हणत होते. कंपनीची बस इमारतीसमोर उभीच होती. मुलांना तडक पुण्याला न्यायचं होतं. "तुम्हीही चला," नंदिता मॅडम शलाकाला म्हणाल्या. "आमच्याकडे येणारं प्रत्येक पोर असंच घडवायला हवंय." त्या स्वतः मोटारीनं पुढं गेल्या.

लिंबाजी अजून वाजवत होते. सकाळपासून त्यांनी दम घेतला नव्हता. ज्यानं बोलावलं त्यानं थांब म्हटल्याशिवाय बँडवाला थांबत नाही. शलाका त्यांच्याजवळ गेली. ओठांच्या कडा फुटून रक्त आलं होतं. दादा, पुरे, एवढंच तिला वडिलांना म्हणायचं होतं. तिनं तोंड उघडलं.

"नमस्कार, मी शलाका," ती म्हणाली.

त्यांनी वाद्य बोटभर दूर केलं. बँड ठरवणाऱ्या पार्टीकडे बघावं तसं तिच्याकडे आदरानं पाहिलं.

"कुटवर वाजवायचं, मॅडम?"

"गेटपर्यंत," ती कशीबशी म्हणाली.

ते बसच्या पुढं झाले आणि चालू लागले. गेट आलं. पुढं थांब म्हणणारं कुणी नव्हतं, तेव्हा ते रस्त्यावर आले, आणि बस वरातीसारखी त्यांच्यामागून सरकत राहिली. दोन्ही बाजूंना सोयाबीनची रानं होती. रस्ता बसच्याच रुंदीचा झाला होता, त्यामुळे बाजूनं काढायची सोय नव्हती. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. लिंबाजींनी हॉर्नच्या वरचा सूर लावला.

शलाका पहिल्या सीटवर, मोठ्या काचेमागं बसली होती. समोर लाल कोटाची पाठ होती. शिवणीत उसवलेली, घामानं काळी पडलेली. चपलेचा अंगठा तुटला होता आणि ते एक पाय ओढत होते.

"असं किती वेळ चालायचं?" ड्रायव्हर म्हणाला. "तुमी बोलावलेलं माणूस हाय नव्हं मॅडम? नाव घेऊन हाक मारा की. व्हईल बाजूला."

व्यंकट मागच्या सीटवरून पुढं वाकला. त्याचा श्वास तिच्या मानेला लागत होता. ती काय म्हणते ते ऐकायला सगळी बस कान देऊन बसली होती.

शलाकानं काचेवर हात ठेवला आणि तोंड उघडलं.

पुढं रस्त्यात सूर मधेच तुटला. दादांनी क्लॅरिओनेट खाली घेतलं. ते वळले नाहीत, कोणत्या नावानं हाक येते ते ऐकायला थांबले होते. पाठ तेवढी श्वासानं वरखाली होत होती, आणि ड्रायव्हरनं गिअर टाकला.