काचेला चिकटलेला सातवीचा वर्ग

मी सातवीच्या वर्गाचा फोटो बोलतोय. माझा जन्म एकोणीसशे त्रेसष्टच्या फेब्रुवारीतला. हिवाळा सरत आला होता. शाळेच्या मागच्या भिंतीपाशी, सकाळच्या उन्हात मला काढलं. माझ्यात एकतीस मुलं आणि एक गुरुजी आहेत. हसलेलं कुणीच नाही. तेव्हा फोटोत हसायची पद्धत नव्हती.

गुरुजींच्या शेजारी बसलेला मुलगा म्हणजे माझा मालक. ती जागा मॉनिटरची, आणि मॉनिटर होता लांब्या. पण मालकाचा सदरा खांद्यात उसवलेला. फोटोवाला म्हणाला, "फाटका सदरा नको. तू बाजूला हो." मालकाचं तोंड एवढंसं झालं. लांब्याने आपला सदरा उतरवून त्याला दिला, त्याचा फाटका अंगात घातला आणि मागच्या रांगेत दडला. उंच म्हणून त्याचा चेहरा तेवढा माझ्यात आला.

सदऱ्यावर मॉनिटरचा बिल्ला तसाच राहिला होता. फोटोवाल्याने तो पाहिला आणि मालकाला गुरुजींच्या शेजारी बसवलं. मालक बोलला नाही. लांब्याही बोलला नाही, तेव्हा नाही आणि नंतरही नाही.

सातवीनंतर मालकाची शाळा सुटली. तो फ्रेमच्या दुकानात कामाला लागला. पहिली फ्रेम त्याने माझीच केली आणि चुकला. फोटो आणि काच यांच्यामध्ये पुठ्ठ्याची चौकट घालायची असते, म्हणजे हवा खेळते. त्याने काच थेट माझ्या तोंडावर ठेवली आणि मागून खिळे ठोकले. भिंतीच्या ओलीने मी काचेला चिकटलो. साठ वर्षं तसाच. पुढे दुकान त्याचं झालं. गिऱ्हाइकांना तो दरडावून सांगायचा, "काचेला फोटो टेकवायचा नाही!" आणि मी त्याच्याच डोक्यावर लटकत होतो.

आल्यागेल्याला तो फूटपट्टीने मला दाखवायचा. "मॉनिटर होतो मी. बिल्ला बघा."

"झालं यांचं सुरू," बायको म्हणायची. "मॉनिटर होतात, मग घरात कुणी ऐकत का नाही तुमचं?"

मी काचेत अडकलो होतो आणि तो त्या बिल्ल्यात.

गेल्या महिन्यात लांब्याची मुलगी दुकानात आली.

"काका, बाबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. आता छान दिसतंय. म्हणतात, आधी वर्गाचा फोटो दाखव. आमची प्रत घर बदलताना हरवली."

"मोबाइलवर काढून घे."

तिने काढून पाहिला. "बाबांच्या तोंडावरच डाग आलाय हो."

तिथेच मी काचेला घट्ट चिकटलो होतो.

"मग नाइलाज आहे. तो निघत नाही."

"अहो, जगाचे काढून देता की!" बायको म्हणाली.

"फाटेल."

"तुमच्या हातून?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी लांब्याच्या हातात गेलो, की त्याची मुलगी विचारणार, बाबा, तुम्ही मॉनिटर होतात ना, मग बिल्ला काकांच्या छातीवर कसा? हे त्याला ठाऊक होतं. मग उठला. खिळे उपसले. काचेसकट मला थंड पाण्याच्या परातीत बुडवलं. कामाच्या माणसाला घाई नसते. तासाभराने त्याने नखाने माझा कोपरा उचलला आणि केसाकेसाने मला सोडवत गेला. मागची रांग सुटली. लांब्या सुटला, अगदी स्वच्छ. पुढच्या रांगेत मात्र मी फाटलो.

"अगं बाई!" बायको ओरडली. "तुमचंच तोंड काचेवर राहिलं!"

"राहू दे."

त्याने मला टिपकागदावर वाळवलं आणि मुलीच्या हातात दिलं. साठ वर्षांनी माझ्या अंगाला वारा लागत होता.

"बापाला दे," तो म्हणाला. "सदरा त्याचा होता. बिल्ला त्याचा. जागाही त्याचीच."

हे तो बायकोसमोर म्हणाला.