बसल्या जागी धडधड

किकवीची शिवानी पोलीस भरतीसाठी पळायची. तिच्या मनगटावरच्या घड्याळातले हृदयाचे ठोके भोरला तिचे प्रशिक्षक जगदाळे सर यांच्या मोबाईलवर दिसायचे. रविवारी सरांनी तिला पूर्ण विश्रांती सांगितली आणि नेमके त्याच दिवशी भोंगवलीचे पाहुणे तिला बघायला आले.

साडी नेसून शिवानी खुर्चीवर बसली. तिला एवढ्यात लग्न नको होतं, पण वडिलांना तसं सांगायची हिंमत होत नव्हती. तेवढ्यात तिचा फोन वाजला. वडिलांनी, रतनरावांनी, तो उचलून स्पीकरवर टाकला.

"शिवानी, आज पळू नको म्हणलं होतं ना?" सर ओरडले.

"सर, ती हितंच बसलीय. पाव्हणं आल्यात," रतनराव म्हणाले.

"बसलीय? मग ठोके घाट चढल्यासारखे का दिसत्यात?"

मुलाची आत्या खूश झाली. "पोरगा लई आवडला म्हणायचा!"

"तसं न्हाई," शिवानी उठून म्हणाली. "भरती होईपर्यंत मला लग्न करायचं न्हाई. ते कसं सांगू, म्हणून धडधडतंय."

फोनमधून सर म्हणाले, "हां, आता उतरायला लागले. शाब्बास, श्वास घे."

सगळ्यात आधी नवरा मुलगा स्वरूपच हसला. मग रतनरावांनाही हसू आवरेना. "आधी सांगायचं न्हाई व्हय गं?" म्हणत त्यांनी स्वतःच पोह्यांच्या बशा पुढे केल्या.

पाहुणे पोटभर खाऊन, भरतीसाठी शुभेच्छा देऊन निघाले. आत्यांनी तेवढा सरांचा नंबर मागून घेतला. त्यांना जिना चढताना दम लागायचा.