दुसरा पट्टा

ज्ञानदेवतात्यांनी दुरुस्तीला आलेल्या ऑसिलोस्कोपच्या, म्हणजे विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राच्या, बोर्डावरचा जळालेला डायोड काढला आणि चिमट्यात धरून उजेडाकडे नेला. तांदळाच्या दाण्याएवढी काच, तिच्यावर रंगांचे चार पट्टे. त्या रंगांवरून नंबर कळतो, आणि त्याच नंबरचा नवा बसवायचा, एवढंच काम. पण तात्यांना तपकिरी आणि हिरवा जन्मापासून सारखेच दिसत.

ही गोष्ट अख्ख्या बारामतीत एकाच माणसाला ठाऊक होती, आणि ते माणूस सहा महिन्यांपासून इंदापूरला लेकीकडे जाऊन राहिलं होतं. तीस वर्षं त्यांची बायको पुतळाबाई दुकानातल्या मागच्या स्टुलावर बसून पट्टे वाचायची, तेही स्वयंपाकघरातल्या रंगांनी: "हळद, गूळ, हळद, राख." तात्या त्याचे आकडे करायचे आणि नाव एकट्याचं व्हायचं. एकदा गिऱ्हाइकासमोर ती मध्येच बोलली, तर खेकसले, "तुला काय कळतंय यातलं?" तिनं त्याच दिवशी पिशवी भरली.

तेव्हापासून दुकान त्यांना खायला उठे. तिची फार आठवण यायची. फोन कितीदा हातात घेतला, पण दर वेळी ताठा आडवा आला.

"आणा तात्या, मी वाचतो," ऑसिलोस्कोप घेऊन आलेले कॉलेजचे सुयोग सर म्हणाले.

तात्यांनी डायोड मुठीत मिटला. तो दुसऱ्या कुणी वाचावा, हे त्यांना सोसवेना. त्यांनी सरळ व्हिडिओ कॉल लावला.

पुतळाबाई दिसली. वाळली होती. तात्यांनी डायोडच कॅमेऱ्यापुढे धरला.

"दुसरा पट्टा कंचा हाय, सांग. मला न्हाय कळत. कदीच कळला न्हाय. समदं तूच वाचलंस."

सुयोग सरांनी मान वर केली.

"तितं कोन हाय?" तिनं विचारलं.

"कॉलेजचं सर हायेत."

"मग आत्ता काय म्हनलात ते परत म्हना. मोठ्यानं."

तात्या म्हणाले. कान लाल झाले, तरी पुरतं म्हणाले.

पलीकडे तिनं फोन डोळ्यांजवळ नेऊन डायोड निरखला.

"फोनात रंग खरा दिसत न्हाय," ती शेवटी म्हणाली. "ऱ्हाऊ द्या तसाच. दुपारच्या एसटीनं येते."

तात्यांनी डायोड अलगद टेबलावर ठेवला. सुयोग सरांना समोरून तो पट्टा स्वच्छ दिसत होता.

"मी उद्या येतो," ते म्हणाले आणि उठले.